काचबिंदू आणि एका मुळीची कथा

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही दोन नावे मराठीत इतकी जवळजवळ बसविली गेली आहेत की, त्यांनी दर्शविलेले रोगही सख्खे भाऊ असावेत असे कोणासही वाटावे. वस्तुतः त्यांचे नाते फारसे नाही. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील भिंगाला आलेली मलिनता. ते भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसविले की गेलेली दृष्टी बहुधा परत येते. काचबिंदूत झिजतो तो डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा मज्जातंतू, आणि तो एकदा झिजला की आज उपलब्ध असलेल्या कोणत्याही उपायाने त्याची भरपाई होत नाही. नांदेड-लातूरकडच्या घरांतून वडीलधाऱ्या माणसाची नजर मंदावू लागली की, ‘बिंदू अजून पिकला नाही, पिकू द्या’ असे सांगण्याची रीत पडून गेली. मोतीबिंदूच्या बाबतीत हा सल्ला एके काळी शास्त्रालाही धरून होता. कारण जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेत पक्व झालेले भिंग काढणे सुलभ जात असे. काचबिंदूच्या बाबतीत मात्र पिकणे ह्याचा अर्थ आंधळे होणे एवढाच होतो.

मोतीबिंदूशी मराठवाड्याने दिलेला लढा सर्वश्रुत आहे. लातूर जिल्ह्यातील माकेगावी जन्मलेले डॉ. तात्याराव लहाने ह्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि गावोगावच्या नेत्रशिबिरांत केलेल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांबद्दल २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या मातोश्रींनी मुलाला दिलेल्या मूत्रपिंडाची कथाही घरोघरी पोचली. काचबिंदूला असा कथानायक मिळाला नाही. त्याचे कारण उघड आहे. मोतीबिंदूचा रोगी पट्टी सुटताच नातवाचे तोंड पाहतो; काचबिंदूचा रोगी उपचारानंतर जेवढे पाहत होता तेवढेच पाहत राहतो, आणि तेच त्या उपचाराचे यश असते. जे गेले नाही त्याचा आनंद मानणे मनुष्यस्वभावाला कठीण जाते. तथापि ह्या रोगाशी झुंजण्याच्या इतिहासात मराठी मुलखाचा आणि मुंबईचा काही वाटा आहे, व तो फारसा सांगितला गेलेला नाही.

प्रथम त्या रोगाचे स्वरूप. डोळ्याच्या पुढील भागात, पारदर्शक पटलाच्या मागे, एक निर्मळ द्रव सतत पाझरत असतो. अश्रूंशी त्याचा संबंध नाही; अश्रू डोळ्याच्या बाहेरून वाहतात, हा द्रव आतल्या आत फिरतो. कनीनिकेच्या, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या, पाठीमागे असलेल्या एका वलयाकार अवयवात तो तयार होतो, बाहुलीतून पुढे येतो आणि पारदर्शक पटल व कनीनिका जेथे मिळतात त्या कोनातील जाळीतून गाळला जाऊन रक्तात मिसळतो. दर मिनिटाला सुमारे दोन ते अडीच मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबाचाही अल्पसा अंश, एवढीच त्याची आवक. ह्या आवकजावकीच्या मेळावर डोळ्यातील दाब ठरतो. पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरपर्यंतचा दाब सामान्य मानला जातो. जाळी तुंबली म्हणजे दाब चढतो, आणि डोळ्याच्या तळाशी जेथून दृष्टीचा मज्जातंतू बाहेर पडतो त्या नाजूक जागेवर त्याचा भार पडून तंतूमागून तंतू मरत जातात. आरंभी जाते ती कडेची नजर. समोरचे अक्षर स्वच्छ दिसत असल्यामुळे मनुष्य वर्तमानपत्र वाचतो, हिशेब लिहितो आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटला तर चौकटीला दोष देतो. कधी कधी कोन एकाएकी बंद होतो. मग डोळा लाल होऊन असह्य वेदना सुरू होतात. सुश्रुताने उत्तरतंत्रात वर्णिलेला ‘अधिमंथ’, ज्यात डोळा घुसळून निघाल्यासारखा वाटतो, तो बहुधा हाच, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. संस्कृत वैद्यकात ‘काच’ ही संज्ञाही दृष्टिरोगाच्या एका अवस्थेला लावलेली आढळते; परंतु ती अवस्था म्हणजे आजचा काचबिंदू नव्हे.

रोगग्रस्त डोळा बोटाला कठीण लागतो, हे युरोपात अनेकांच्या ध्यानी आले होते; ग्लासगोचे विल्यम मॅकेन्झी ह्यांनी १८३० मधील आपल्या ग्रंथात ह्या काठिण्याला महत्त्वाचे स्थान दिले. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ ह्यांनी डोळ्याचा तळ पाहण्याचे यंत्र शोधून काढल्यावर बर्लिनचे आल्ब्रेख्त फोन ग्रेफे ह्यांना दाबाने खचलेला मज्जातंतू प्रत्यक्ष पाहता आला, आणि १८५७ मध्ये त्यांनी कनीनिकेचा तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया जाहीर केली. त्यापूर्वी ह्या रोगाला इलाजच नव्हता. ग्रेफे ह्यांच्या शस्त्रक्रियेने कोन एकाएकी बंद झालेले डोळे वाचले. सावकाश, वेदनेवाचून वाढणाऱ्या प्रकारात मात्र तिचा गुण फारसा आला नाही.

औषधाची कथा याहून विलक्षण आहे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलाबार नावाच्या मुलखात गुन्ह्याचा संशय आलेल्या मनुष्याला एका वेलीचे विषारी बी खावयास देत. ओकारी होऊन जो वाचला तो निर्दोष, जो मेला तो अपराधी. आपल्याकडेही जुन्या न्यायपद्धतीत विषदिव्य होतेच. तेव्हा त्या लोकांना रानटी म्हणण्याची घाई करण्याचे कारण नाही. हे बी एडिंबरोला पोचले, आणि १८६३ मध्ये तेथील नेत्रवैद्य आर्गाइल रॉबर्टसन ह्यांनी त्याच्या अर्काने डोळ्याची बाहुली आकुंचन पावते असे दाखविले. बाहुली आकुंचली की कनीनिका ताणली जाऊन कोन मोकळा होतो. १८७६ मध्ये स्ट्रासबुर्गचे लुडविग लाक्वेर ह्यांनी त्या बियातील द्रव्य काचबिंदूवर वापरले. लाक्वेर स्वतः काचबिंदूने पीडित होते; वैद्य आणि रोगी एकाच देहात असण्याचा असा योग क्वचित येतो. पुढच्याच वर्षी ब्राझीलमधील जाबोरांडी झुडपाच्या पानांतून काढलेले पिलोकार्पिन आले आणि शंभर वर्षे टिकले. हे थेंब दिवसातून तीन-चार वेळा घालावे लागत, त्यांनी कपाळ दुखे व संध्याकाळी अंधारल्यासारखे होई. परंतु त्यांहून बरे काही नव्हते.

ह्यापुढे कथा मुंबईस येते. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात विसाव्या शतकाच्या आरंभी नेत्रवैद्यकाचे अध्यापन भारतीय वैद्यक सेवेतील हर्बर्ट हर्बर्ट नावाच्या गृहस्थांकडे होते. नाव आणि आडनाव एकच असलेले हे गृहस्थ आज नेत्रवैद्यांना आठवतात ते खुपऱ्यांच्या रोगात पटलावर उमटणाऱ्या आणि त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खळग्यांमुळे. परंतु काचबिंदूच्या इतिहासात त्यांचे स्थान याहून मोठे मानावयास हवे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर एखादे वेळी जखम नीट भरून येत नाही, आतील द्रव बाहेरच्या पातळ त्वचेखाली झिरपत राहतो आणि डोळा मऊ राहतो, हे शस्त्रवैद्यांच्या पाहण्यात आलेले होते. जो दोष, तोच हेतुपुरस्सर घडवून आणला तर? बाहेर उघडी जखम राहू नये, पण आतल्या पाण्याला त्वचेखाली उतरण्यास वाट मिळावी, अशी योजना हर्बर्ट ह्यांनी केली आणि १९०३ मध्ये ब्रिटिश नेत्रवैद्यांच्या मंडळापुढे ती मांडली. पुढे त्यांनी डोळ्याच्या पांढऱ्या कवचात लहानशी पाळी कापून ठेवण्याची पद्धतही काढली. सेवानिवृत्तीनंतर इंग्लंडात राहून १९२३ मध्ये त्यांनी काचबिंदूच्या शस्त्रक्रियांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

कीर्ती मात्र मद्रासला मिळाली. तेथील सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री एलियट ह्यांनी १९०९ मध्ये एका बारीक गोल पात्याने कवचाला दीड-दोन मिलिमीटरचे भोक पाडण्याची शस्त्रक्रिया प्रचारात आणली. ती करावयास सोपी होती, आणि एलियट लिहिण्याबोलण्यात पटाईत होते. पुढील अनेक वर्षे जगभर ‘एलियटची शस्त्रक्रिया’ हाच काचबिंदूवरचा प्रतिष्ठित उपाय होता. तिचा दोष उशिरा दिसे. भोकावरची त्वचा कालांतराने झिजून पातळ होई आणि तीतून जंतूंचा शिरकाव होऊन चांगला चाललेला डोळाही गमवावा लागे. १९६८ मध्ये केंब्रिजचे केर्न्स ह्यांनी भोकावर कवचाचीच अर्धी जाड पाळी झाकणासारखी ठेवण्याची रीत रूढ केली आणि आजही शस्त्रक्रियेत तीच प्रमुख आहे. पाळीची ही कल्पना पाहून मुंबईच्या हर्बर्टसाहेबांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

ह्या काळात नांदेड, उदगीर, लातूर हा सर्व मुलूख निजामाच्या राज्यात होता. नेत्ररोग्याला मुंबई दूर आणि परराज्य. त्याचा ओढा गोदावरीकाठच्या लोहमार्गाने हैदराबादेकडे असे. १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, परंतु ही सवय सुटली नाही. अंबाजोगाई, नांदेड आणि शेवटी लातूर येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये निघाली ती १९७० नंतर. हैदराबादेशी असलेला हा जुना धागा पुढे एका वेगळ्याच प्रकारे उपयोगी पडला. ते यथाक्रम येईलच.

तत्पूर्वी मुलुंडची कथा सांगितली पाहिजे, कारण मराठी भूमीवर काचबिंदूच्या औषधाचा खरा शोध लागता लागता राहिला तो तेथे. हेक्स्ट ह्या जर्मन कंपनीने मुंबईच्या मुलुंड उपनगरात १९७० नंतरच्या वर्षांत एक संशोधनशाळा चालविली होती. भारतीय वैद्यकात किंवा लोकव्यवहारात ज्यांचा उल्लेख आहे अशा वनस्पती गोळा करावयाच्या, त्यांचे अर्क काढून प्राण्यांवर तपासावयाचे आणि एखाद्या अर्कात गुण दिसला तर त्यातील नेमके द्रव्य वेगळे करावयाचे, असा तेथील क्रम होता. काम कंटाळवाणे, शेकडो अर्कांतून एखादाच कामाचा निघावयाचा. अशा एका अर्काने प्राण्यांचा रक्तदाब उतरला आणि त्याच वेळी हृदयाचे आकुंचन जोरकस झाले. ही दोन लक्षणे एकत्र येणे नवलाचे होते.

ती वनस्पती म्हणजे कोलियस फोर्स्कोली. तुळशीच्या कुळातील हे सुगंधी झुडूप भारताच्या उष्ण डोंगरउतारांवर रानोमाळ उगवते. गुजरातेत त्याला गरमर म्हणतात आणि त्याच्या गाठाळ मुळांचे लोणचे घालतात. त्याचे शास्त्रीय नाव पेहर फोर्स्कोल ह्या निसर्गशास्त्रज्ञावरून पडले. लिनीयसचा हा शिष्य अरबस्तानातील वनस्पती गोळा करीत असता १७६३ मध्ये येमेनात मृत्यू पावला. दोनशे वर्षांनी आपले नाव लोणच्याच्या मुळ्यांतून निघालेल्या औषधाला लागेल, हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल.

सुजाता भट, बजवा, नोएल डिसूझा आणि त्यांचे जर्मन सहकारी ह्यांनी त्या मुळांतील द्रव्य शुद्ध केले, त्याची रेणुरचना ठरविली आणि १९७७ मध्ये ती प्रसिद्ध केली. द्रव्याचे नाव फोर्स्कोलिन. त्याच वर्षी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधनसंस्थेतील शास्त्रज्ञांनी त्याच वनस्पतीतून ‘कोलिओनॉल’ नावाचे द्रव्य जाहीर केले. ते निराळे असावे असे आरंभी वाटले, परंतु अखेरीस दोन्ही एकच ठरली. १९७८ मध्ये मुलुंडचेच दोहाडवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदय व रक्तदाब ह्यांवरील परिणाम मांडले. येथपर्यंत डोळ्याचा विषयही निघालेला नव्हता.

तो निघाला अमेरिकेत, आणि आडवळणाने. १९८१ मध्ये बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत सीमन, पॅजेट आणि डेली ह्यांनी फोर्स्कोलिन शरीरात नेमके काय करते ते उकलले. पेशीला बाहेरून संदेश येतो तेव्हा तो थेट आत जात नाही. वाड्याच्या दिंडीवर वर्दी द्यावी, देवडीवाल्याने ती आत कळवावी आणि मग मुदपाकखान्यात चूल पेटावी, तसा हा प्रकार असतो. पेशीच्या आतली ही चूल म्हणजे ॲडेनिलेट सायक्लेज नावाचे वितंचक. ते पेटले की चक्रीय एएमपी नावाचे संदेशवाहक द्रव्य तयार होते. ह्या द्रव्याच्या शोधाबद्दल अर्ल सदरलँड ह्यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळालेले होते. फोर्स्कोलिनचे वैशिष्ट्य असे की, ते दिंडीवर थांबत नाही, देवडीवाल्याला विचारत नाही. सरळ मुदपाकखान्यात शिरून चूल पेटविते. असे करणारे दुसरे द्रव्य त्या वेळी ठाऊक नव्हते.

डोळ्यातील द्रव जेथे तयार होतो त्या पेशींत चक्रीय एएमपी वाढले तर द्रवाची आवक घटेल, असा तर्क येल विद्यापीठातील जोसेफ कॅप्रिओली आणि मार्विन सीअर्स ह्यांनी केला. त्यांनी फोर्स्कोलिनचे थेंब सशांच्या, माकडांच्या आणि अखेरीस माणसांच्या डोळ्यांत घातले. तिन्हींचा दाब उतरला. १९८३ मध्ये हा वृत्तांत लंडनच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात आला. तो काळ टिमोलॉलचा होता. हृदयरोगावरील औषधांच्या कुळातून आलेले हे थेंब १९७८ पासून अमेरिकेत मिळू लागले होते आणि पिलोकार्पिनला मागे सारीत होते. परंतु दम्याच्या आणि मंद नाडीच्या रोग्यांना ते धोक्याचे. फोर्स्कोलिनचा मार्ग सर्वस्वी निराळा होता. मुलुंडच्या मुळीतून जगाला काचबिंदूचे नवे औषध मिळणार, अशी आशा धरण्यास तेव्हा पुरेसा आधार होता.

ती आशा फळली नाही. फोर्स्कोलिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. डोळ्यात घातलेला थेंब पाण्याचाच असावा लागतो आणि तो पारदर्शक पटलातून आत उतरावा लागतो. न विरघळणाऱ्या कणांचा गढूळ थेंब बहुतांशी अश्रूंबरोबर वाहून जातो. प्रयोगाप्रयोगांतून एकवाक्यता राहिली नाही. १९८७ मध्ये मेयो क्लिनिकच्या ब्रुबेकर आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या डोळ्यांतील द्रवाचा प्रवाह मोजून पाहिला, तेव्हा फोर्स्कोलिनने तो म्हणण्यासारखा घटलेला त्यांना आढळला नाही. ज्या तर्कावर सगळी इमारत उभी होती त्यालाच हा धक्का होता. कंपन्यांचा उत्साह मावळला. पुढे जपानात फोर्स्कोलिनचे पाण्यात विरघळणारे रूपांतर तयार झाले, पण ते वापरले गेले हृदयविकारात. भारतात एक टक्का फोर्स्कोलिनच्या थेंबांचा रोग्यांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात दाब उतरल्याचे नोंदविले गेले. परंतु तो अभ्यास उघड पद्धतीचा होता, म्हणजे कोणते औषध दिले जात आहे हे वैद्यालाही ठाऊक होते आणि रोग्यालाही. अशा पुराव्यावर कोणी मोठी इमारत बांधू नये.

ह्याला अपयश म्हणावे काय? काचबिंदूपुरते, होय. परंतु पेशीतील संदेशव्यवहाराचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांतून आज फोर्स्कोलिनची बाटली सर्रास आढळते. २०१३ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी उंदराच्या साध्या पेशींना केवळ रसायनांच्या साह्याने मूळपेशींचे रूप दिले, त्या रसायनांतही ते होते. इकडे रानातील मुळांचा मात्र इतका उपसा झाला की वनस्पती दुर्मिळ होऊ लागली, आणि मग कर्नाटक व तमिळनाडूत तिची शेती करण्यात आली.

योगायोग असा की, ज्या १९७७ मध्ये मुलुंडची रेणुरचना प्रसिद्ध झाली त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या एका द्रव्याचा निबंध निघाला, आणि बाजी त्याने मारली. लास्लो बिटो हे हंगेरीतून निर्वासित होऊन आलेले शास्त्रज्ञ कोलंबिया विद्यापीठात होते. प्रोस्टाग्लँडिन ह्या द्रव्यांनी डोळ्याचा दाह होऊन दाब चढतो, असे तेव्हा सारेच मानीत. मात्रा अल्प ठेवली तर दाब उलट उतरतो, असे कॅम्रास नावाच्या तरुण विद्यार्थ्यासमवेत त्यांनी सशांवर दाखविले. बराच काळ त्यांचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही. अखेर स्वीडनमधील कंपनीच्या साह्याने लॅटानोप्रोस्ट तयार झाले आणि १९९६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हे औषध द्रवाची आवक घटवीत नाही. तुंबलेल्या जाळीला बगल देऊन जावकीची दुसरी वाट रुंद करते. रात्री एक थेंब पुरतो. आज लातूरच्या औषधाच्या दुकानात काचबिंदूसाठी मिळणारे थेंब बहुधा ह्याच कुळातील असतात आणि ते भारतीय कंपन्याच बनवितात. मुलुंडला जे साधले नाही ते न्यूयॉर्क-उप्सालाला साधले, ह्यात बुद्धीचा फरक नव्हता. एक रेणू पटलातून आत उतरू शकला, दुसरा शकला नाही.

दाब उतरविल्याने डोळा खरोखर वाचतो, हे रीतसर सिद्ध व्हावयास मात्र फार उशीर झाला. ग्रेफेपासून सर्वजण ते गृहीत धरीत आले होते. अमेरिकेत १,६३६ जणांवर झालेल्या पाहणीचा निष्कर्ष २००२ मध्ये आला. दाब चढलेला, पण मज्जातंतू शाबूत, अशा लोकांपैकी निम्म्यांना थेंब दिले आणि निम्म्यांना दिले नाहीत. पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना रोग जडला, घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. शंभर-सव्वाशे वर्षे वैद्य ज्या श्रद्धेवर थेंब देत होते ती श्रद्धा खरी ठरली.

आता हैदराबादेचा धागा. मुधोळ आणि भैंसा हा भाग १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता. राज्यांची पुनर्रचना होताना तो आदिलाबाद जिल्ह्याला जोडला जाऊन आंध्रात गेला आणि आज तेलंगणात आहे. परंतु तेथील पुष्कळ घरांतून अजून मराठी बोलली जाते, आणि बासरच्या सरस्वतीपुढे मुलांना अक्षर गिरवावयास लावण्यासाठी नांदेडची कुटुंबे आजही ह्याच भागात जातात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने मुधोळ येथे ग्रामीण नेत्रकेंद्र काढले, त्याला भोसले गोपाळराव पटेल ह्यांचे नाव आहे. ह्याच संस्थेने १९९६ ते २००० ह्या काळात घरोघरच्या माणसांचे डोळे तपासण्याची एक मोठी पाहणी केली. हैदराबाद शहर, पश्चिम गोदावरी, महबूबनगर आणि आदिलाबाद ही चार क्षेत्रे. आदिलाबादेतील क्षेत्र मुधोळचे. एकूण १०,२९३ माणसे तपासली गेली. नांदेड-लातूरकडच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांची स्थिती काय असावी, याचा अंदाज बांधण्यास याहून जवळचा पुरावा क्वचितच सापडेल.

शहरी भागाचे जे आकडे प्रथम प्रसिद्ध झाले ते औषधांच्या साऱ्या इतिहासाला प्रश्न विचारणारे होते. उघड्या कोनाचा काचबिंदू निश्चित ठरलेल्या २७ जणांपैकी आपल्याला हा रोग आहे हे पूर्वी ठाऊक असलेले फक्त दोघे निघाले. निम्म्यांहून अधिकांची दृष्टी तोवर गंभीर प्रमाणात खराब झाली होती. आणि दोन तृतीयांश जणांचा दाब तपासणीच्या वेळी २२ मिलिमीटरच्या आत होता, म्हणजे नुसता दाब मोजून त्यांना निरोगी म्हणून घरी पाठविले गेले असते. हे हैदराबादेत, जेथे रुग्णालये हाकेच्या अंतरावर! वर्षानुवर्षे शोध लावून तयार केलेले थेंब ज्यांच्यासाठी होते त्यांना त्यांची गरज असल्याचेच माहीत नव्हते.

दाब मोजण्यातही एक मेख आहे. नागपूरनजीकच्या आठ खेड्यांत २००६ पासून डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे योस्ट योनास ह्यांनी तीस वर्षांवरील ४,७११ लोकांची पाहणी केली. त्यात डोळ्याच्या पारदर्शक पटलाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन आढळली; युरोपीय लोकांत ती सामान्यतः ५४०च्या आसपास असते. दाब मोजण्याचे यंत्र पटल दाबून पाहते. पटल पातळ असले तर ते सहज दबते आणि दाब आहे त्याहून कमी दिसतो. परदेशी पुस्तकातली मर्यादा वऱ्हाड-मराठवाड्यातील डोळ्याला जशीच्या तशी लावू नये, एवढे ह्यावरून निश्चित ठरते. वैद्याने बाहुली मोठी करून डोळ्याचा तळ पाहिलाच पाहिजे, आणि चाळिशीचा चष्मा घेण्यास आलेल्या माणसाच्या बाबतीत हे सहसा घडत नाही.

नव्या शतकात उपाय वाढतच आहेत. जाळीवर लेझरचे सूक्ष्म किरण टाकून ती मोकळी करण्याची पद्धत बरीच सुधारली. ब्रिटनमधील ७१८ रोग्यांवरच्या चाचणीत आरंभीच लेझर केलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. हा निष्कर्ष २०१९ मध्ये आला. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले नेटारसुडिल प्रत्यक्ष जाळीवरच काम करते, जे पूर्वीच्या औषधांपैकी फारच थोड्यांना जमले होते. डोळ्यात बसवून महिनोगणती औषध झिरपवीत राहणारी कांडी २०२० मध्ये आली. मदुराईच्या अरविंद संस्थेशी निगडित असलेल्या ऑरोलॅबने द्रव बाहेर नेणारी नळी परदेशी नळीच्या अल्प किमतीत बनविली, आणि गरीब रोग्याच्या दृष्टीने पाहता कांडीपेक्षा ही नळी अधिक मोलाची मानावी लागते. ज्या घरात थेंबांची बाटली संपल्यावर पुढची तालुक्याच्या बाजारादिवशीच येते त्या घरी, एकदाच करून चुकता होणारा उपाय हाच खरा उपाय होय. लेझरची यंत्रे जिल्ह्याच्या गावी पोचतात की नाही, ह्याकडे म्हणूनच नव्या रेणूंपेक्षाही अधिक लक्ष दिले पाहिजे.

मुधोळची हकीकत अपुरी राहिली नाही. पहिल्या पाहणीत तपासलेल्या ७,७७१ ग्रामीण माणसांचा पंधरा वर्षांनी पुन्हा शोध घेण्यात आला. २०१२ ते २०१६ ह्या काळात कार्यकर्ते जुन्या याद्या घेऊन तीच गावे, त्याच गल्ल्या, तीच घरे हिंडले. काही दारांना कुलपे होती, काही नावांपुढे मृत्यूची नोंद करावी लागली. जी माणसे सापडली त्यांना पुन्हा एकदा दिव्यापुढे बसवून, हनुवटी टेकवून, त्यांच्या डोळ्यांचा तळ पाहण्यात आला.